'हो मॅडम' ऐकू आलं की सावध हो

तुझा फोन ठेवला आणि मामीला म्हटलं, पोरगी खरंच इन्चार्ज झाली. ती म्हणाली, कशावरून? म्हटलं, तिला कुणी काही सांगेनासं झालंय.

फोनवर तू कुरकुरत होतीस, "मामा, सगळ्या माझ्यासमोर हो मॅडम, हो मॅडम करतात आणि माल मात्र पार्टीकडून परत येतो." साठ बायका, आठ हमाल आणि वयाने तुझ्या दुप्पट असलेले चेकिंगमधले ते दोन काका. कंपनीने दोन दिवस हॉटेलात बसवून तुला एम्पथी, अ‍ॅक्टिव्ह लिसनिंग, टीम बिल्डिंग शिकवलं. मी त्याला नावं ठेवत नाही, त्यातलं बरंचसं खरंही असेल. पण शिकवणारे साहेब संध्याकाळच्या विमानाने गेले, आणि सोमवारी सकाळी आठला फोल्डिंगच्या टेबलाशी तू एकटीच. म्हणून हे लिहायला घेतलं. १९८१ साली अमळनेरहून पत्र्याची पेटी घेऊन उधन्याला उतरलो, तेव्हापासून २०२२ पर्यंतची वर्षं सुरतेच्या डाइंगमध्ये काढली. त्यात जे कामाला आलं तेवढंच सांगतो. मोठ्या गोष्टी मला येत नाहीत.

वरचा माणूस कसा आहे, हे मी एकाच गोष्टीवरून ओळखतो. त्याच्या खात्यात चूक झाली की ती त्याच्या कानावर किती वेळात येते? पाच मिनिटांत आली तर माणूस सोन्याचा. पाळी सुटताना आली तर ठीक, निभेल. आणि पार्टीच्या फोनवरून कळली, तर त्याने आपलं कुठे बिनसलंय ते शोधायला लागावं. तू आत्ता तिथे आहेस. मीही होतो. कसा पोचलो ते ऐक, कारण हे तुझ्या आईलाही मी कधी नीट सांगितलेलं नाही.

सप्टेंबर १९९४. तापीचं पाणी ओसरलेलं, गणपती नुकतेच बुडवलेले. वेड रोडकडे माणसं पटापट मरतायत अशी कुजबुज आली आणि रात्रीत शब्द फुटला, प्लेग. दुसऱ्या दिवशी दुकानांतल्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या. तोंडाला रुमाल बांधलेली गर्दी स्टेशनकडे धावत सुटली. चार-पाच दिवसांत लाखो माणसं शहर सोडून गेली. मी तेव्हा रात्रपाळीचा सुपरवायझर, हाताखाली चाळीस माणसं. तुझी मामी, दोन लहान लेकरं. पळालो. पळालो याची मला लाज नाही, कुणीही पळालं असतं. लाज याची की चाळीसांतल्या एकालाही न सांगता पळालो. संध्याकाळी पाळीवर आलेल्या पोरांना गेटवरच्या वॉचमनकडून कळलं की साहेब भुसावळ गाडीने गेले.

दिवाळीच्या सुमाराला परत आलो. कुणी काही बोललं नाही. उलट सगळे जास्तच अदबीने वागायला लागले. मला वाटलं, वा, वचक बसला.

पुढच्या थंडीत तीन नंबरच्या जेटवर, म्हणजे कापड रंगवायच्या मशीनवर, नेव्ही ब्लूचा लॉट लागला. तुला डाइंगचं थोडं माहीत आहे, तरी सांगतो. पॉलिएस्टर रंगवताना पाणी १३० डिग्रीपर्यंत न्यायचं, पण चढवायचं बेताबेताने, मिनिटाला एखाद-दुसरी डिग्री. घाई केली की रंग एका जागी धरतो, दुसऱ्या जागी सुटतो आणि कापडावर ढग उठतात. त्या रात्री जेटवरच्या पोराला डुलकी लागली. स्टीमचा व्हॉल्व्ह उघडाच राहिला आणि तापमान एकदम उडालं. त्याने त्याच क्षणी हाक मारली असती तर लेव्हलिंगचं केमिकल टाकून, वर जास्त वेळ धरून बराचसा माल सावरता आला असता. त्याने हाक मारली नाही. माल उतरवला, ढगाळ ताके चांगल्यांच्या खाली घातले आणि पुढे ढकलले. तिथून स्टेंटर, फोल्डिंग, पार्सल. आठ दिवसांनी गठ्ठे परत आले आणि शेठने पार्टीसमोर माझी हजामत केली.

मी त्या पोराला कोपऱ्यात घेतलं. ओडिशातल्या गंजामचा होता, एकोणीस-वीस वर्षांचा. विचारलं, मला का नाही सांगितलंस? खाली बघत म्हणाला, "साब, प्लेग में आप बता के गए थे क्या?"

त्याला काढा असं शेठ म्हणत होते. मी काढू दिलं नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे; तो गेला असता तर त्या खात्यात माझ्याशी खरं बोललेला एकमेव माणूस गेला असता. त्या रात्री पाळी लागायच्या आधी सगळ्यांना जेटसमोर उभं केलं आणि सांगितलं, मी न सांगता पळालो होतो, ते चुकलं. भाषण वगैरे नाही, एवढंच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी जादूही झाली नाही. बरेच महिने गेले त्यानंतर. पहिली चूक कुणी आपणहून येऊन सांगितली ती पुढच्या पावसाळ्यात.

म्हणून माय, आधी आठवून बघ. 'हो मॅडम' कधीपासून सुरू झालं? इन्चार्ज झाल्यापासून की त्यानंतरच्या एखाद्या दिवसापासून? बहुतेक वेळा एक दिवस असतो. कुणाचा तरी सगळ्यांदेखत अपमान झालेला असतो, नाहीतर दिलेला शब्द विसरलेला असतो. आपण विसरतो, टेबलापलीकडची माणसं विसरत नाहीत.

आता उपाय. पहिला उपाय मला कुणा गुरूने दिला नाही, सुरत म्युनिसिपाल्टीने दिला. मे १९९५ मध्ये एस. आर. राव कमिशनर म्हणून आले. प्लेगने बदनाम झालेलं शहर, कचऱ्याचे ढीग, तुंबलेली गटारं. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवलं आणि त्याला नाव दिलं 'एसी टू डीसी', म्हणजे गार खोलीतून रोजच्या कामात. स्वतःही सकाळी फिरायचे. शहराचे सहा झोन करून प्रत्येक झोनच्या प्रमुखाला कमिशनरसारखे अधिकार दिले, म्हणजे गटाराच्या झाकणासाठी कागद मुख्य कचेरीत फिरायला नको. बेकायदा बांधकामं पाडायला घेतली ती बड्या लोकांपासून. दोनेक वर्षांत इंटॅक या संस्थेने सुरतला चंदीगडखालोखाल देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरवलं. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिला नंबर आला तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले. मला आठवला तो लिंबायतच्या नाक्यावर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून गटार बघणारा अधिकारी. पाहणीला आलेला अधिकारी गाडीतून बघून जातो, हा मुकादमाला नावाने हाक मारून विचारत होता.

ते बघून मी माझी खुर्ची काचेच्या केबिनमधून काढली आणि जेटच्या रांगेशी नेऊन ठेवली. शेठ हसले. उकाडा असा की बनियन पिळावं. पण पहिल्याच आठवड्यात कळलं की दोन नंबरच्या जेटचा तापमानाचा काटा दोन महिने चुकीचा दाखवतोय आणि पोरं अंदाजाने चालवतायत. केबिनमध्ये बसून हे मला सात जन्मांत कळलं नसतं. तू रोज सकाळचा पहिला तास चेकिंगच्या टेबलाशी उभी राहा. मोबाईल कप्प्यात ठेव. पहिले चार-पाच दिवस बायका गप्प होतील, काम जरा जास्तच नीट करतील. मग कंटाळून पूर्ववत बोलायला लागतील. तोवर धीर धर.

अधिकार देण्याचंही तसंच. तुमच्या त्या ट्रेनिंगमध्ये टोयोटाचा दोर दाखवला म्हणालीस, चूक दिसली की कुठलाही कामगार दोर ओढतो आणि मदत येते, गरज पडली तर लाईन थांबते. मग तुझ्या टेबलांवर दोर कुणाच्या हातात आहे? शेड जुळत नाही असं वाटलं तर लॉट बाजूला ठेवायचा हक्क त्या सगळ्यात जुन्या चेकिंगवालीला दे. आणि ती एखाद्या दिवशी उगाचच लॉट थांबवेल, ट्यूबलाईटखाली वेगळा दिसलेला रंग दारातल्या उजेडात बरोबर निघेल, तेव्हा तोंडातून 'अगं, नीट बघ ना' काढू नकोस. त्या एका वाक्याने दोर तुटतो.

आता भाषेचं. सुरतेच्या मिलीत हिंदी चालते, पण माणूस घाबरतो आपापल्या भाषेत. माझ्याकडे आपले खानदेशी, गंजामचे, बिहारकडचे आणि थोडे गुजराती असे चार प्रांत होते. मी प्रत्येक भाषेतलं एकच वाक्य पाठ केलं. आपल्यातल्याला, काय व्हयनं रे भो? ओडियाला, कण हेला? बिहारीला, का भइल? गुजरात्याला, शुं थयुं? चारी ठिकाणी अर्थ एकच, काय झालं. उच्चार माझा वाईट होता, पोरं हसायची. हसलेलं पोर बोलतं.

आणि हे बारीक लक्षात ठेव. मी 'काय झालं' पाठ केलं, 'कोणी केलं' नाही. डाग पडलेला ताका समोर आला की आपल्या तोंडात आपसूक येतं, हे कोणी केलं? त्या प्रश्नाला साठ जणींकडे एकच उत्तर असतं, मी नाही. आधी काय झालं ते विचार. कधी, कुठल्या टेबलावर, त्याच्या आधी काय चाललं होतं. बहुतेक वेळा कोणी ते आपोआप कळतं, आणि अर्ध्या वेळा असं निघतं की माणसाचा दोषच नव्हता, टेबलाचा खिळा वर आला होता. तरीही माणूसच चुकला असेल तर त्याच्याशी एकट्यात बोल, पाळी सुटल्यावर, आणि एकदाच. दुसऱ्या दिवशी तोच विषय निघता कामा नये.

वाईट बातमी घेऊन कुणी आलं की तुझे पहिले तीन शब्द महत्त्वाचे. माझे ठरलेले होते, 'बरं झालं सांगितलंस.' त्यापुढे 'पण' लावायचा नाही. हे सोपं वाटतं. बाहेर टेंपो उभा, पार्टीचा तिसरा फोन, आणि समोर फाटलेली साडी, तेव्हा म्हणून बघ. मला जमायला तीन-चार वर्षं लागली, आणि घरी अजूनही जमत नाही, हे मामी सांगेल.

कान उघडा ठेव, पण कानाची हलकी होऊ नकोस. तू टेबलाशी उभी राहायला लागलीस की आठवड्याभरात एक जण चहा घेऊन येईल आणि हळूच सांगेल, मॅडम, अमकी काय बोलते तुम्हाला माहीत नाही. ही बातमी नव्हे, ही चुगली. ओळखायची खूण सोपी आहे. बातमी मालाबद्दल असते, मशीनबद्दल असते, नाहीतर सांगणाऱ्याच्या स्वतःच्या चुकीबद्दल. चुगलीत सांगणारा नेहमी शहाणा असतो. चहा पी, 'बरं' म्हण आणि विषय सोड. त्याला एकदा जवळ केलंस की बाकीच्या एकोणसाठ गप्प.

ते दोन काका मात्र वेगळे. ते कुजकट बोलतात म्हणालीस. अगं, वीस वर्षं त्या टेबलावर शेड बघणाऱ्या माणसाच्या डोक्यावर भाचीच्या वयाची मुलगी बसली तर तो काय आरती ओवाळणार? काका म्हण, तोंडदेखलं नको. आणि कामात काहीही बदलणार असशील, टेबलांची जागा, पाळीची वेळ, काहीही, तर आदल्या दिवशी त्या दोघांना बाजूला घेऊन विचार. ती बातमी त्यांना साठ बायकांबरोबर कळता कामा नये. ते नको म्हणतील तेव्हा कारण विचार. दहातल्या चार वेळा कारण खरं असतं. उरलेल्या सहा वेळा तुझ्या मनाचं कर, पण विचारून.

रजेबद्दल दोन शब्द, कारण खोटं बोलायची सवय तिथूनच लागते. माझ्या रजिस्टरात एकाची आजी तीनदा वारली होती. तिसऱ्यांदा मी म्हटलं, म्हातारीला माझा नमस्कार सांग. तो ओशाळला, मग म्हणाला, साहेब, आखाजीला बहीण माहेरी येते, पण ते कारण सांगितलं तर तुम्ही सोडत नाही. खरंच होतं ते, मी सोडत नव्हतो. मेलेल्या आजीला सोडत होतो, जिवंत बहिणीला नाही! त्यानंतर भिंतीवर वर्षाचं कॅलेंडर टांगलं. आपल्यांची आखाजी आणि श्रावणातली कानबाई, ओडियांची रथयात्रा, बिहारकडच्यांची छठ, मे महिन्यातली लग्नं. महिनाभर आधी येऊन नाव लिहायचं, एका खात्यातून एका वेळी किती सोडायचे ते माणसांनीच आपसात ठरवायचं. भांडणं झाली, नाही असं नाही. पण आज्या मरायच्या थांबल्या. दिवाळी ते लाभपाचम बाजारच बंद असतो, तेवढी एक चिंता सुरतेने आपल्याला दिलेली नाही.

हे सगळं वाचून तुला वाटेल, मामा म्हणतो गोड बोल. तसं नाही. जेटचं झाकण आतलं पाणी ८० डिग्रीच्या खाली आल्याशिवाय उघडायचं नाही. एकाने घाईत हात घातला तेव्हा मी त्याला असा ओरडलो की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. त्याबद्दल मी कधी माफी मागितली नाही, त्यानेही कधी मनात धरलं नाही. तुझ्या खात्यात पार्सलांची थप्पी मागच्या दारापुढे लावतात, हे मी मागे आलो तेव्हा पाहिलंय. २४ मे २०१९ ला सरथाण्यात तक्षशिला आर्केडला आग लागली. वर क्लासमध्ये बसलेली २२ मुलं गेली. खाली उडी मारणाऱ्या पोरांचा व्हिडिओ या शहरात प्रत्येकाने पाहिलाय. तेव्हा मागचं दार मोकळं हवं, आजच्या आज. तिथे एम्पथी नको, तिथे आवाज हवा.

वर सांगण्याचंही शिक. बातमी तुझ्यापर्यंत आली आणि तूच ती दाबलीस तर खालच्यांना दोन दिवसांत कळतं. शेठकडे जाताना नाव नेऊ नकोस. 'माझ्या खात्यात चुकलंय, एवढा माल आहे, असं सावरतोय' एवढं तीन वाक्यांत सांग, सकाळी, शेठचा चहा व्हायच्या आत. पगार लांबणार असेल तेव्हा उलट दिशेने तेच. आमच्याकडे दहा तारखेला पगार आणि अधेमधे खर्ची मिळायची. एका वर्षी बाजार बसला आणि पगार आठ दिवस लांबणार हे मला तीन तारखेलाच कळलं. चार तारखेला सांगून टाकलं. शिव्या खाल्ल्या, पण त्यांना घरभाड्याची, किराण्याची सोय करायला सहा दिवस मिळाले. शेजारच्या मिलीत दहा तारखेच्या संध्याकाळी सांगितलं. तिथे काचा फुटल्या.

शेवटी वही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली. बहुतेक सुरत पाण्याखाली, वीज नाही, फोन नाही. तेव्हा माझ्या पाळीत ५२ माणसं होती. मी हिशेब मांडला की त्यांतले कुठे राहतात हे मला किती जणांचं माहीत आहे. नऊ. बारा वर्षं प्लेगची लाज बाळगून फिरलो आणि पुन्हा माणसं कुठे आहेत हे सांगता येईना. पाणी उतरल्यावर दोनशे पानी वही घेतली. एका माणसाला एक पान. नाव नीट, 'ओडिया दोन नंबर' असं नाही. खोली कुठे, गाव कुठलं, स्टेशन कुठलं, गावाकडे फोन कुणाच्या घरी, घरात आजारी कोण. हे मी खोदून विचारलं नाही, बोलता बोलता कळेल तसं लिहीत गेलो. तीन वर्षं लागली भरायला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शहरात कामगार रस्त्यावर आले, मग मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटायला लागल्या आणि याद्या मागवल्या गेल्या, तेव्हा माझ्या पाळीची यादी एका रात्रीत तयार झाली. त्या वेळी मी कुठेच गेलो नाही. जायला सांगणारे होते, मामीच होती.

ती वही आता जीर्ण झालीय, तुला द्यायला काढून ठेवलीय. नावं माझ्या माणसांची आहेत, तुला उपयोग नाही, पण पान कसं आखायचं ते कळेल.

तुझी आई आखाजीला येतेय. मामी खापरावरची पुरणपोळी करणार, आमरस आहे, गच्चीवर झोका बांधायचाही तिचा बेत आहे. तूही ये. रजा मागताना शेठला खरं कारण सांग.